मागचा डावा स्पीकर

नांदेडला माझा एक मित्र आहे. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या आजोबांनी सुरू केलेलं. मी लातूरला एका बँकेत आहे. आम्ही नांदेडच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो, आणि तेव्हापासून आमच्यात एक गोष्ट टिकून राहिली आहे, सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रॉक संगीत. त्या काळी ते आम्हाला कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटवर मिळायचं आणि निम्मं खरखरीतच जायचं. आता दोघांची मुलं शिकायला बाहेरगावी गेली, दोघांच्याही घरात एकेक खोली मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या खोल्यांत आम्ही सराउंडचे स्पीकर लावले.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सराउंडमध्ये पुढे तीन स्पीकर असतात, मागे दोन, आणि खर्जासाठी एक जाडा डबा. जुन्या अल्बमच्या मूळ टेप काढून कुणीतरी पुन्हा ठरवतं की कुठलं वाद्य कुठल्या स्पीकरला द्यायचं. ते मिक्स. एकाच अल्बमची अशी दोन-तीन मिक्स असतात. एक सत्तरच्या दशकातलंच, चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवायची टूम निघाली होती तेव्हाचं. एक नंतरचं, एक अलीकडचं. गाणारा तोच, वाजवणारे तेच, पण एकात ऑर्गन तुमच्या पाठीशी असतो आणि दुसऱ्यात समोर. कुठलं बरं, हे ठरवण्यात आमचा महिन्याचा दुसरा शनिवार जातो. बँकेला सुटी असते, तो दुकान दुपारीच बंद करतो. एका महिन्यात तो लातूरला येतो, पुढच्या महिन्यात मी नांदेडला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस येते.

आमची ऐकण्याची एक रीत आहे. दोन्ही मिक्सचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, कारण ज्याचा आवाज मोठा ते मिक्स चांगलंच वाटतं. पंखा बंद, कूलर बंद, मग भर मे महिना का असेना. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची, कारण पाचही स्पीकर जिथं नीट जुळतात ती जागा एकाच माणसापुरती असते. एकानं डोळे मिटून खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं रिसीव्हरपाशी, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रापाशी, उभं राहून न सांगता एकेक मिक्स लावायचं आणि विचारायचं, पहिलं बरं का दुसरं? हा प्रश्न त्याच्या दुकानातला. भिंगं बदलत तो दिवसभर गिऱ्हाइकाला हेच विचारतो.

आवाज घुमू नये म्हणून लातूरच्या खोलीत मी भिंतीला वाकळ टांगली आहे. माझी बायको पाहुण्यांना सांगते, "आमच्याकडं पांघरूण भिंतीला असतंय. माणसं कुडकुडतात."

त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला. मी काहीही लावलं तरी कुठलं मिक्स आहे ते तो बहुतेक वेळा ओळखायचा. मला क्वचितच जमायचं. त्याला जुनं चार कोपऱ्यांचं मिक्स आवडायचं, मला अलीकडचं, ज्यात वादक समोर असतात आणि मागून फक्त हॉलचा घुमारा येतो. मी म्हणायचो, "चार कोपरे मिळाले म्हणून चार कोपऱ्यांत चार माणसं उभी केली, यात कसली अक्कल?" तो म्हणायचा, "तुला बँकेतल्यासारखी सगळी समोर रांगेत पाहिजेत. मागं कोणी उभं राहिलं की तुला भ्या वाटतंय." असा आमचा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि खरं सांगायचं तर त्या वादात बहुतेक वेळा मीच हरायचो. तो एखादी जागा दाखवायचा, मागच्या डाव्या कोपऱ्यातली दुसरी गिटार गाणाऱ्याला कशी उत्तर देते ते, आणि मला ते आधी ऐकूच आलेलं नसायचं.

गणपतीच्या महिन्यात तो लातूरला आला. मी दोन्ही मिक्स लावली. तो बराच वेळ बसला आणि म्हणाला, "दुसरं."

दुसरं म्हणजे अलीकडचं. मला वाटलं त्याची ओळखण्यात चूक झाली. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "हाव, म्हाईत आहे. पण जुन्यात सगळं एकात एक मिसळून राहिलंय. ह्याच्यात नीट कळतंय."

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी त्याला माझं पटलं, असंच मी धरून चाललो. जेवताना मी बायकोला तेच पुन्हा सांगितलं, त्याच्यासमोर, थोडं चढवूनच.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "भावजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"काहीतरीच."

"मी डावीकडून दोनदा विचारलं, भाकरी वाढू का. बोलले नाहीत. उजवीकडून विचारलं तर लगेच हो म्हणाले. आणि आल्याबरोबर बैठकीत खुर्ची बदलून भिंतीकडं बसले, सगळी मंडळी उजवीकडं येतील अशी. तुम्ही पाहिलं नाही का?"

मी पाहिलं होतं. ऐकताना तो मान जराशी डावीकडं वळवून बसत होता, उजवा कान पुढं करून, हेही पाहिलं होतं. मी तिला म्हटलं की त्याचं लक्ष गाण्यात असतं, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "मग विचारा तरी एकदा." मी विचारेन म्हणालो.

पुढच्या महिन्यात मी नांदेडला गेलो. त्याच्या खोलीत रिसीव्हरची सेटिंग बघितली तर मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांपेक्षा खूप वर नेऊन ठेवलेला. आमच्या रीतीत हे बसत नाही. मी विचारलं, हे काय?

"त्या कोपऱ्यात कपाट आलंय ना. आवाज खाऊन राहिलंय."

कपाट खरंच होतं. पण खुर्चीत बसल्यावर तो स्पीकर माझ्या कानावर आदळत होता. तेव्हा माझ्या मनात शंका उरली नाही. मी तोंड उघडलं असतं तर ती वेळ होती. त्याऐवजी मी म्हणालो, "बरोबर आहे, लाकूड आवाज खातं." मग आम्ही दोन अल्बम ऐकले, दोन्हीत त्यानं अलीकडचं मिक्स निवडलं, आणि मी बसमध्ये खुशीत परत आलो.

मी का बोललो नाही याचं कारण मी बायकोला वेगळं सांगितलं. म्हटलं, त्याला वाईट वाटेल, कानाचा त्याला अभिमान आहे. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण हे होतं की मी जिंकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं बोलत होता आणि ते मला सोडवत नव्हतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. दर शनिवारच्या आधी मी ठरवायचो की या वेळी सांगू, आणि दर शनिवारी तो अलीकडचंच निवडायचा, आणि मी गप्प बसायचो.

संक्रांतीनंतर तो लातूरला आला तेव्हा मी त्याचा सगळ्यात लाडका अल्बम लावला, जुन्या मिक्समध्ये. त्यात मागच्या डावीकडची ती गिटार आहे. तो ऐकता ऐकता थांबला.

"तुझा मागचा डावा गेलाय. बघ."

"चालू आहे."

"कुठं चालू आहे? गिटार मागं न्हाईच. पुढं कुठंतरी बारीक वाजून राहिली. वायर बघ."

मी वायर बघितली. बघण्यासारखं काही नव्हतं. दारात बायको उभी होती, ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "खुर्ची फिरव. पाठ समोरच्या स्पीकरला कर आणि ऐक."

"ते कशाला?"

"फिरव तर."

वायरचा दोष असेल तर तो त्याच कोपऱ्यात राहायला पाहिजे होता. त्यानं खुर्ची फिरवली. मी तोच तुकडा पुन्हा लावला. आता तो कोपरा त्याच्या उजव्या हाताला, समोर आला होता. गिटार त्याला ऐकू आली, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि आधी पुढं उजवीकडं जो पियानो नीट वाजत होता, तो आता त्याला सापडेना.

 मग त्यानं उजव्या कानात बोट घातलं आणि म्हणाला, "आता लाव."

मी लावलं. गाणं संपेपर्यंत तो तसाच बसला. मग बोट काढून म्हणाला, "गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय दोन्ही डोळे एकदम चांगले आहेत. मी एक डोळा झाकायला लावतो, तेव्हा त्याला कळतंय. वर्षभर एकाच डोळ्यानं बघत असतंय, आणि मी घरी जाऊन बेगमला सांगतो, लोक किती बेखबर असतात."

तो दोन दिवस थांबला, सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही लातूरच्याच कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्याची तपासणी झाली, आलेख निघाला. उजव्या कानाची रेष वर, डाव्याची खाली पडलेली. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलत होते. त्यांनी विचारलं, कमी ऐकू यायला कधी लागलं?

मित्र म्हणाला, "आत्ता, परवाच लक्षात आलं."

डॉक्टर लिहायला लागले. मी म्हणालो, "नाही. गणपतीपासून आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगितलं. मान वळवणं, भाकरीचं, स्पीकरचा आवाज वर नेलेला. सांगताना मी डॉक्टरांकडेच बघत होतो. शेजारच्या खुर्चीत तो काय करतोय ते मला दिसत नव्हतं आणि बघायचं धैर्यही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले की असं एका कानाचं एकदम गेलं तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत औषधाचा उपयोग होऊ शकतो. होतोच असं नाही. आता फारशी आशा धरू नका. नसेवर गाठ वगैरे नाही ना, यासाठी स्कॅन करून घ्या. स्कॅन नंतर झाला, गाठ निघाली नाही. एवढं एक बरं झालं.

त्या दिवशी दवाखान्याबाहेर आल्यावर आम्ही चहाच्या गाड्यावर उभे राहिलो. तो माझ्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला, म्हणजे मी त्याच्या उजवीकडं. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला,

"गणपतीपासून म्हाईत होतं?"

"शंका होती. नांदेडला आलो तेव्हा खात्री झाली."

"कपाट आवाज खातंय म्हणालो, तू हाव म्हणालास."

"हो."

"आणि दर वेळी म्हणालास, बघ, शेवटी तुला नवीनच पटलं."

"हो."

"मी बहिरा झालो होतो. तुला काय झालतं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. पण ते चहाच्या गाड्यावर सांगण्यासारखं नव्हतं. तरी मी सांगितलं. म्हटलं, "मला जिंकायला बरं वाटत होतं." त्यानं ग्लास ठेवला, त्या गाड्यावाल्याला चहात साखर जास्त झाली म्हणून सांगितलं, आणि बस स्टँडपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बस लागली तेव्हा म्हणाला, "वहिनींना सांग, मी येतो." माझा निरोप मात्र घेतला नाही.

पुढचा दुसरा शनिवार त्याची लातूरला यायची पाळी नव्हती, माझी जायची होती. त्यानं फोनवर कळवलं की दुकानात काम आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही काम होतं. बायको म्हणाली, "तुम्ही न बोलावता जा. हाकलून दिलं तर परत या, बस काय एकच असते का?"

मी गेलो. त्याच्या बेगमनं, म्हणजे भाभींनी, दार उघडलं आणि आतल्या खोलीकडं बोट केलं. तो रिसीव्हरपाशी उभा होता. डाव्या कानाला मशीन लावलेलं होतं, तपकिरी रंगाचं. मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज त्यानं पुन्हा बाकीच्यांसारखा केला होता. मला बघून म्हणाला, "मशीननं बोलणं कळतंय. गाणं म्हणशील तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं." मग म्हणाला, "गणपतीपासूनचे सगळे निकाल रद्द. सगळं पुन्हा ऐकायचं."

"बस मग, मी लावतो."

"मी कशाला बसू? तू बस. मी लावतो. आणि मागं डावीकडं काय चाललंय ते बोलत राहा. मोठ्यानं. मी उजवा कान तुझ्याकडं करून उभा राहतो."

मी बसलो. त्यानं तोच अल्बम लावला. कुठलं मिक्स ते सांगितलं नाही, पण सुरुवातीलाच मला कळलं की जुनं आहे, कारण मागं डावीकडं गिटार होती. मी सांगत गेलो. आता आली. आता गाणारा थांबला तेव्हा वाजली. आता ऑर्गन तिच्या वरून गेला, ती गप्प आहे. आता परत. इतक्या वर्षांत मी त्या कोपऱ्याकडं एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. बोलायचं म्हटल्यावर प्रत्येक जागा ऐकावी लागत होती, आणि तिथं ऐकण्यासारखं खूप होतं. त्यानं मग दुसरं लावलं. मागं डावीकडं काय, असं विचारल्यावर मी म्हणालो, "घुमारा. नुसता घुमारा आहे."

"पहिलं बरं का दुसरं?"

"पहिलं."

तो जवळ आला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"खरं बोलून राहिलास, का माझं मन राखतोस?"

"खरं."

"आता मी कसं ओळखू?"

 त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. तो परत रिसीव्हरपाशी गेला आणि म्हणाला, "पुन्हा लावतो. या वेळी उलटसुलट, कुठलं कधी ते सांगणार न्हाई. डोळे मीट."

मी डोळे मिटले.