कोरा थर

आसेगावकडच्या एका लहान गावात पुंजाजी गवंडी राहतो. सत्तरी गाठलेला माणूस. त्याच्या हातच्या भिंतीला ओळंबा लावून पाहावा. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीची सोबत सोडत नाही.

या गावाला एक बारव आहे. किती जुनी, कोणालाच सांगता येत नाही. काळ्या दगडाच्या बेचाळीस पायऱ्या उतरून गेलं की पाणी. पुंजाजीच्या आज्याला त्या पायऱ्या उतरायची बंदी होती. वरून कोणी ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी त्याचं. मग बहात्तरच्या दुष्काळात बारवेची एक बाजू खचली, आणि चुन्याचं काम जाणणारा गावात एकच माणूस निघाला, पुंजाजीचा बाप. तेव्हा गावानेच हात जोडून त्याला खाली उतरवलं.

चुना बैलाच्या घाणीवर मळलेला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर. बापाच्या हाताखाली पुंजाजी थापी धरायला शिकत होता. पाण्याच्या जरा वर, तळापासून नवव्या थरापाशी बाप थांबला. तिथले दगड नुसते एकमेकांवर टेकलेले, सांध्यात चुन्याचा कण नाही. पुंजाजीने थापी उचलली तसा बापाने त्याचा हात धरला.

"त्याले हात नोको लावू. ते पाण्याचं दार हाय. जुन्या लोकायनं मुद्दाम कोरं ठेवलं."

त्या सांध्यांतून पाणी पाझरायचं, अन् ओलाव्यावर हंसराजाची नाजूक पानं लवायची. काम सरल्यावर बापाने तिथेच ओंजळ भरली. जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने. वर उभं असलेलं गाव पाहत राहिलं.

दोन वर्षांमागे बारवेच्या दुरुस्तीचं काम निघालं. लग्नाआधीचे फोटो काढायला कारंजा शहरातली जोडपी तिथवर येऊ लागली होती, आणि सरपंच जानराव हौशी माणूस. तो स्वतः पुंजाजीच्या दारात आला.

"पुंजाजीभाऊ, तुमच्याबिगर त्या भिंतीले हात लावणारा कोण हाय?"

एवढं बोलणं पुरे होतं.

चुना नव्हता, सिमेंट होतं. पुंजाजीने तेही गिळलं. पण नवव्या थराशी तो अडला. "हा कोराच ठेवा लागते."

ठेकेदार हसला. "काहून? हात कापते काय बुढ्याचा? फटी बुजवता येत नसतीन तं सांग, दुसरा माणूस आणतो."

मजूर खदखदले. जानरावही हसला.

पुंजाजीने थापी उचलली. तीन दिवस तो थर त्याने एकट्याने भरला. हंसराज उपटला, सांधे खरवडले, सिमेंट असं दाबलं की सुई टोचायला जागा उरली नाही. मग ठेकेदाराकडे पाहून म्हणाला, "आता पाहा, कोठून येते एक थेंब तं."

उद्घाटनाला त्याच्या खांद्यावर शाल पडली. बायकोने, अंजनाने, ती घडी करून पेटीत ठेवली.

पुढच्या शिमग्याला पाणी पार खाली गेलं. चैत्रात तळ दिसला. बहात्तरला न आटलेली बारव. "बोअरनं ओढलं पाणी," जानराव म्हणाला, आणि लोकांनी मान डोलावली. पण बारवेमागच्या नाल्यात, जिथे उन्हाळ्यात कधी काडी हिरवी दिसली नव्हती, तिथे गवताचा पट्टा उमटला होता. पुंजाजीने तिथली माती मुठीत घेतली. गार, ओली. पाणी दाराशी आलं होतं, दार बंद दिसलं, आणि ते मागच्या मागे निघून गेलं होतं.

"माह्या हातानं झालं व," तो घरी येऊन म्हणाला.

"तुमी काय करसान? ठेकेदारानं करवलं."

"नाही. त्यानं तं नुसतं चिडवलं."

दुसऱ्या सकाळी तो छन्नी-हातोडा घेऊन खाली उतरला. स्वतःचंच पक्कं काम. सिमेंट सुटेना, अन् सुटलं तर दगडाची कड घेऊन सुटे. इतक्या पिढ्यांनी जपलेल्या कडा त्याच्या हातोड्याखाली झडत होत्या. जानराव धावत आला.

"सत्यानाश करून राह्यले ना भाऊ! तुमीच बुजवलं, अन् तुमीच फोडता?"

"मंग काय दुसऱ्याले फोडू देऊ?"

चार दिवसांनी थर उघडा झाला. पाणी आलं नाही. एका सांध्यात, खोल, हंसराजाचं मूळ तेवढं सापडलं, केसासारखं काळं. वाळलेलं की जिवंत, बोटाला कळेना.

"त्या मुळाले वलं ठेवाले धुडकं पायजे," तो अंजनाला म्हणाला.

तिने पेटी उघडली आणि ती शाल त्याच्या हातात दिली.

आता रोज सकाळी दोघं हापशीच्या पाण्याची चरवी घेऊन त्या बेचाळीस पायऱ्या उतरतात. सांध्यात हलकेच बसवलेली शाल तो ओली करतो. मग अंजना दगडाला कान लावते, कारण त्याला आताशा नीट ऐकू येत नाही.

"काही वाजते काय व?"

"नाही जी, अजून," ती म्हणते, आणि रिकामी चरवी उचलते.