दगडी गोठ्याची चौकट

कोंडाण्याच्या लेण्यांच्या डोंगराखाली मोतीबाईंची भातखाचरं आहेत आणि त्यांच्या कडेला सात-आठशे वर्षांचं एक दगडी देऊळ. आतला देव कधी, कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नाही. मोतीबाईंच्या सासऱ्यांनी गाभाऱ्यात पेंढा रचायला सुरुवात केली, नवऱ्याने मंडपात म्हशी बांधल्या आणि गाव त्याला दगडी गोठा म्हणू लागलं. नवरा गेल्यावर शेती, चार म्हशी आणि मुलाचं, देवेशचं, शिक्षण मोतीबाईंनी एकटीने ओढलं. हाताशी माणूस एकच, वरच्या ठाकरवाडीतला कमळ्या. लावणी, झोडणी, पेंढ्याचे भारे, वीस वर्षं सगळं तोच बघायचा.

देवेश मोहोपाड्याला कारखान्यात लागला आणि त्याने नांगरणीसाठी पॉवर टिलर घेतला. तो ठेवायला गोठ्यासारखी कोरडी जागा नव्हती, पण दार अरुंद पडलं. दाराच्या दगडी चौकटीवर दोन्ही अंगांना नाचणाऱ्या बायका कोरलेल्या होत्या. मोतीबाईंनी कमळ्याच्या हातात घण दिला.

"डावी बाजू काढ. वीतभर जागा झाली की पुरं."

कमळ्याने घण खाली ठेवला. "मी नाय मारनार, वयनी. माजी आय हितं दिवा लावायची."

"आत देव हाय कुठं? म्हशी हायत."

त्याने घणाला हात लावला नाही. शेवटी मोतीबाईंनीच पदर खोचला आणि घाव घातले. टिलर आत गेला. कमळ्याने पडलेले तुकडे उचलून भिंतीशी नीट लावले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर आला.

त्याला पाच वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून सोनाली मॅडम आल्या. जुन्या देवळांची नोंद करायचं त्यांचं काम. गोठा पाहून त्या हरखल्या, खांब मोजले, फोटो काढले. मग तुटक्या चौकटीपाशी उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, हे कुणी केलं हो?"

त्याच वेळी कमळ्या डोक्यावर भारा घेऊन दारात आला. मोतीबाईंची नजर त्याच्यावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "वाडीवरच्या लोकांनी. त्यांना काय कळतंय?"

मॅडमनी ते वहीत लिहिलं. कमळ्याने भारा उतरवला, पेंढा रचला, बाहेर हातपाय धुतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही.

महिन्याभराने ग्रामपंचायतीत मॅडमचं पत्र आलं. देवळाची नासधूस वाडीतल्या लोकांनी केली आहे, ती थांबवावी, असं त्यात होतं. गोठ्यामागून वाडीची पायवाट जात होती. ती काटेरी तार घालून बंद करायचं पंचायतीत ठरलं. जमीन मोतीबाईंची, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा तरी बोलता आलं असतं, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

आता वाडीच्या बायका ओढ्याकडून वळसा घालून रस्त्याला लागायच्या. कमळ्याची बायको ठमी लाकडाची मोळी घेऊन मोतीबाईंच्या अंगणावरून जायची आणि जाताना विचारायची, "बरं हाय ना, वयनी?" तिच्या आवाजात काही नसायचं. मोतीबाई मात्र पुढचं ताट सारून उठायच्या.

देवेश म्हणाला, "आई, कोण विचारतंय आता? सोड की गं."

एका सकाळी त्या वाडीवर गेल्या. कमळ्या दारात झोपडीच्या कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या सोलत होता. त्याने घोंगडी टाकली, ठमीने पाणी दिलं.

"माझं चुकलं रं," मोतीबाई म्हणाल्या.

"तुमी खोटं बोललात त्याचं काय नाय. मानूस घाबरतं," कमळ्या म्हणाला. "पन माझ्याकडं बगून बोललात."

मोतीबाई उठल्या. पाणी तसंच राहिलं.

पुढच्या ग्रामसभेत त्या उठल्या. "चौकट मी फोडली. माझ्या हातानं. कमळ्यानं नाय म्हटलं व्हतं." कुणीतरी हसून म्हणालं, "जुनी गोष्ट झाली, काकू." घोटभर चहा झाला आणि पुढचा विषय निघाला. एवढं सोपं होतं, याचंच त्यांना जास्त लागलं. तार मात्र आठवड्याने निघाली. मॅडमना त्यांनी फोन करून सांगितलं. मॅडम नोंद बदलते म्हणाल्या.

टिलरसाठी देवेशने घरामागे पत्र्याची शेड घातली. पेंढाही तिकडेच गेला. म्हशी अजून मंडपातच आहेत, त्यांना दुसरी जागा नाही. कमळ्या आता खालच्या एका फार्महाऊसवर झाडांना पाणी घालतो. रोज सकाळी त्याच पायवाटेने उतरतो आणि कधी क्षणभर थांबतो.

"म्हस व्याली का, वयनी?"

"व्याली. पारडी झाली."

"बरं झालं," म्हणतो आणि चालू लागतो. त्याला चहाला थांब म्हणायचं मोतीबाईंच्या ओठांवर येतं. अजून तरी त्यांनी म्हटलेलं नाही.