तराजूकाकांचं समान वाटप

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचे, पारड्याखालून बोट फिरवायचे, तिथे चिकटवलेलं लोहचुंबक काढायचे आणि दुकानदाराच्या तळहातावर ठेवायचे. एक शब्द न बोलता. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की शेवटच्या दुकानापर्यंतचे तराजू आपोआप सरळ व्हायचे म्हणे. घरात त्यांना तराजूकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे.

निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. घर मोठं. थोरले भाऊ अण्णा, त्यांची मुलं, सुना, नातवंडं, शिवाय काका-काकू. काकांनी सगळ्यांचे दुधाचे कप एका उंचीचे करून घेतले. वाढदिवसाचा केक पट्टी लावून कापला. एकदा साबणाची वडी मधोमध चिरलेली दिसली, तेव्हापासून काकू आपला साबण कपाटात कुलूप लावून ठेवतात.

मी त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जातो. साहित्याची पदवी घेतली की दुपारी मोकळ्या मिळतात. त्यामुळे पुढचं सगळं मी समोर बसून पाहिलं. अजून नीटसा सावरलेलो नाही.

घराला इंटरनेटची जोडणी एक आणि तोंडं डझनभर. अण्णांची भाषणं ऐन आवेशात अडकायची. काकूंच्या मालिकेतली नायिका तोंड उघडायची आणि तशीच राहायची. ती रडणार होती की शिंकणार होती, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. अण्णांचा मोठा नातू दिवसभर फोनवर युद्ध खेळायचा. त्याला सगळे सेनापती म्हणत. त्याचं सैन्य कित्येक दिवस एका पुलावर खोळंबलं होतं.

खरी अडचण अण्णांच्या धाकट्या सुनेची होती. लेक लहान, त्यामुळे तिची बाहेरची नोकरी सुटलेली. आता एका ऑनलाइन शाळेत गणित शिकवायची संधी आली होती. एक नमुना तास घ्यायचा. तो जमला तर नोकरी, नाहीतर पुन्हा वाट पाहणं. ती रोज आरशासमोर उभी राहून अपूर्णांक शिकवायची. आरसा निदान अडकत नव्हता.

काकांनी प्रश्न हातात घेतला.

"वाय-फायचा डबा कुठे आहे?"

"माझ्या खोलीत," अण्णा म्हणाले. "तिथेच बरा आहे."

"म्हणूनच तो जिन्यात येणार."

डबा जिन्यात आला. वायरवाल्याने दाखवलं की डब्यात प्रत्येक यंत्राला ठरावीक वेग बांधून देता येतो. हे ऐकून काकांचे डोळे भरून आले. दुधाच्या कपांनी त्यांना इतका आनंद दिला नव्हता.

त्यांनी नियम जाहीर केला. जितकी यंत्रं जोडलेली, तितके समान भाग. वापरा, नका वापरू, तुमचा भाग तुमचा.

"पण काका, जो फोन नुसता पडून आहे, त्याला भाग कशाला?" धाकटीने विचारलं.

"पडून आहे म्हणून त्याला हक्क नाही?"

फोनच्या हक्कांसाठी इतकं कळवळणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. माणसांसाठीही क्वचितच.

पहिली फट सेनापतीला सापडली. त्याने एक जुना फोन जोडला. त्यावर सिनेमे उतरत राहायचे, हातातल्या फोनवर युद्ध चालायचं. म्हणजे भाग दोन. हे त्याच्या आईला कळलं, मग अण्णांना, मग काकूंना. घरातले खण उपसले गेले. काच फुटलेले, बटणं गेलेले, पाठ उघडी पडलेले फोन चार्जिंगला लागले. काकू तर ते नुसते जोडून ठेवायच्या, वापरायच्या नाहीत, आणि म्हणायच्या, "असू दे. त्यांचे दोन, तर आपले का नकोत?"

काका रोज सकाळी डब्यातली यंत्रं मोजायचे आणि नव्याने समान भाग करायचे. यंत्रं वाढत होती, भाग बारीक होत होता. त्यांना काहीच खटकलं नाही. गावभरच्या दुकानदारांवर संशय घेतलेला माणूस, पण घरच्यांवर कसा घेणार?

"घर पुढे चाललंय," ते मला अभिमानाने म्हणाले. काकूंची नायिका मात्र आता पडद्यावर येतच नव्हती.

नमुना तासाच्या आदल्या दिवशी धाकटी आली.

"काका, उद्या दुपारी तासभर मला जास्त वेग द्या ना. नोकरीचा प्रश्न आहे."

"पोरी, तुला दिला तर काकूला द्यावा लागेल. तिच्या नायिकेच्याही संसाराचा प्रश्न आहे."

"मालिकेतल्या संसाराचा?"

"संसार तो संसार."

ती जिना चढून आपल्या खोलीत गेली. मी माझा घोडा उगाच पुढे सरकवला आणि तो लगेच मारला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली पटावर, ती वर जिन्यालगतच्या बंद दाराआड. "ऐकू येतंय का?" थोडी शांतता. "आता येतंय का?" मोठी शांतता. "मी दिसतेय का?" तास अपूर्णांकांचा होता, पण अजून पूर्णांकांपर्यंतही पोहोचला नव्हता. तिच्या आवाजात रडू साचायला लागलं होतं.

काकांनी हत्ती उचलला आणि हवेतच धरून ठेवला. वर तिच्या दाराकडे पाहिलं. नियम मोडायला तोंड उघडलं असावं, असं मला वाटलं. तेवढ्यात चपलांच्या कपाटातून आवाज आला. टुंग.

काका उठले. कपाट उघडलं. अण्णांच्या बुटात बोट घातलं आणि चार्जरला टांगलेला फोन बाहेर काढला. त्यांचा चेहरा बदलला. मी त्यांना निवृत्त झाल्यावरच ओळखतो. निरीक्षक मी त्या क्षणी प्रथम पाहिला.

"अण्णा, हे काय?"

"आठवण म्हणून ठेवलाय रे."

"आठवणी चार्जिंगला लावतात? आणि बुटात?"

मग घरावर धाड पडली. काकांनी न्हाणीघरातली बादली घेतली. पडद्यांच्या मागे, गादीखाली, पुस्तकांच्या रांगेमागे हात गेले. पिठाच्या डब्यातून काकूंचे तीन निघाले.

"अहो, पीठ सांडेल!"

"तुझासुद्धा हात यात?"

"सेनापतीच्या आईचे चार आहेत, ते आधी बघा की! घरच्याच बाईवर जोर!"

सगळ्यात वाईट न्हाणीघरात झालं. तिथला वजनकाटाही वाय-फायला जोडलेला निघाला. काटा. काकांनी क्षणभर भिंतीचा आधार घेतला. मग तो काढून बादलीत टाकला.

एकेक फोन बंद होत होता, काका जिन्यातल्या डब्यात भाग लगेच नव्याने करत होते, तसा धाकटीचा आवाज मोकळा होत होता. आता पलीकडून प्रश्नही येत होते, तीही भराभर उत्तरं देत होती. मी सुटकेचा श्वास टाकला. काका तिच्या दाराकडे निघाले.

"काका, तास चालू आहे. ती एकच खोली सोडा."

"सगळ्या खोल्या म्हणजे सगळ्या खोल्या."

ते आत गेले. अंगात बनियन, हाताला पीठ, बादली काठोकाठ. कॅमेरा थेट दारावर रोखलेला. धाकटी सांगत होती, "म्हणजे भाजक वाढत गेला, की प्रत्येकाचा वाटा लहान होत जातो. कळलं?"

"कळलं," काका दारातून म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

पलीकडून कुणा बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"माझे चुलत सासरे. वजनमापे खात्यात होते."

"आणि बादलीत काय आहे?"

"भाजक," धाकटी म्हणाली.

नोकरी लागली. असं उदाहरण आम्ही कुणाकडून पाहिलं नव्हतं, असं त्या बाई म्हणाल्या. अट एकच घातली: जोडणी स्वतंत्र हवी, आणि पुन्हा बादली नको.

तिच्या खोलीत नवी वायर आली. नव्या वेगाचा वास घराला कसा लागला कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत तिच्या दारावर सगळ्यांच्या टकटकी झाल्या. ती कुणालाही पासवर्ड देईना. शेवटी अण्णांनी काकांना पुढे केलं. समान वाटपाचा एवढा मोठा जाणकार घरात असताना इतरांनी कशाला बोलायचं?

काका तिच्या दारात उभे राहिले, मी त्यांच्या मागे. घसा साफ केला.

"सूनबाई, या जोडणीला किती यंत्रं लावायची म्हणतेस?"

"एक."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचा डबा जिन्यात आहे, काका. मला सकाळपासून वर्ग आहेत."

काका खाली आले. सगळे वाट पाहत बसले होते.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"मिळणार नाही."

"असं कसं? तू समजावलंस ना?"

"समजावलं," काका म्हणाले. समजावलं नव्हतं, मी तिथेच होतो. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शुद्ध अन्याय आहे हा."

दुसऱ्या सकाळी मी गेलो तेव्हा पट मांडलेला नव्हता. काका वरच्या मजल्यावर, धाकटीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. सेनापती फोन घेऊन जिना चढत होता. काकांनी मान वर केली, एक शब्द न बोलता बोट खाली दाखवलं, आणि सेनापती वळला.