मंगळवारी लांबच्या रस्त्यानं

लग्न होऊन मी सोनईहून नगरला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. यजमान हायस्कुलात इतिहास शिकवत. नगरच्या दगडादगडाची माहिती त्यांच्या जिभेवर, पण तिचा मला काय उपयोग? बाहेर पडलो की ते दहा पावलं पुढे आणि मी मागे. नवराबायकोनं बरोबरीनं चालणं म्हणजे आमच्यात निर्लज्जपणा. पहिलं वर्षभर मी नगरात पाहिली ती मुख्यतः त्यांची पाठ आणि कोटाची उसवलेली शिवण. मला त्याचा भारी राग यायचा.

मग जवळच्या लष्करी छावणीवर शत्रूची विमानं येतील म्हणून शहरातले दिवे झाकायचा हुकूम निघाला. रस्त्यावरच्या दिव्यांना काळी टोपणं बसली. दर मंगळवारी दिवेलागणीनंतर माळीवाड्याच्या गणपतीला जायची मला मोकळीक होती, अर्थात यजमानांच्या मागून. टोपणं बसल्यावरच्या पहिल्याच मंगळवारी देवळातून परतताना त्यांची पावलं मंदावत गेली आणि वेशीपाशी ते चक्क माझ्या शेजारी आले.

"पायाखाली बघ, दगड आहेत," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी आम्ही लांबच्या रस्त्यानं घरी गेलो, आणि पुढेही दर मंगळवारी. वेशीची कमान कशी बांधली, तट कुठून कुठे जायचा, ते हलक्या आवाजात सांगत. मी भिंतीला हात लावून बघायची. उन्हाळ्यात तो दगड रात्रीसुद्धा कोमट लागे. किल्ल्याकडे मात्र कधी वळलो नाही. तिथे पुढारी कैदेत होते, पहारा कडक होता. दिल्ली दरवाजाबाहेर बागरोजा आहे. शहर वसवणारा राजा तिथे निजलाय आणि जवळच एका हत्तीची कबर आहे, असं त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "म्हणजे हत्तीलासुद्धा राजाच्या शेजारी जागा मिळाली!"

ते हसले. मोठ्यानं हसताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घरी सासूबाई विचारत, "गणपतीला फारच गर्दी होती वाटतं?" यजमान खाली बघून म्हणत, "हो ना." संसाराचं सुख मला त्या अंधारात कळलं. आता या वयात ते सांगायला लाज कसली?

लढाई संपली. एका मंगळवारी देवळाबाहेर आलो तर टोपणं निघालेली, रस्ता लख्ख. लोक खुशीत होते. मी मात्र यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी टोपी सारखी केली आणि झपझप पुढे निघाले. दहा पावलं. रस्ता तेवढा लांबचाच धरला होता. मी मागून चालले. कोटाची शिवण मी मध्यंतरी घालून दिली होती, ती दिव्यात स्पष्ट दिसत होती.

दिल्ली दरवाजापाशी मी थांबले. ठरवून नाही, पायच उचलेना. त्यांना पत्ता नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "ओ मास्तर! बाई मागं राह्यल्या की! दर मंगळवारी जोडीनं जाता, आज भांडनं झाली व्हय?"

म्हणजे इतके दिवस त्याला सगळं दिसत होतं. दुकानापुढची दोन-चार माणसं वळून बघू लागली. यजमान जागच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता देऊळही बंद. भीतीनं मी पदर घट्ट धरला.

ते वळले. त्या उजेडातून, त्या माणसांसमोरून परत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. कान लालबुंद झाले होते. मग मीच सुरुवात केली, "हा दिल्ली दरवाजा. याच्या बाहेर बागरोजा..." आणि आम्ही चालू लागलो. घरापर्यंत मी एकटीच बोलत होते, ते ऐकत होते.

दारात सासूबाई होत्याच. "आज पण गर्दी?"

"गर्दी नव्हती," यजमान म्हणाले. "आम्ही दोघं लांबच्या रस्त्यानं आलो."