मामांसाठी घेतलेला रेकॉर्डर

काचबिंदूने मामांची नजर पार गेली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. बार्शीटाकळी तालुक्यातल्या गुरांच्या दवाखान्यात ते आयुष्यभर ड्रेसर होते. सायकलला पेटी बांधून गावोगाव जायचे, अडलेल्या गाई सोडवायचे, बैलांच्या सुजलेल्या खांद्यांवर मलमपट्टी करायचे. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं इतकं होतं की मामी म्हणायची, "माणसायपेक्षा ढोरायशीच जास्त बोलले हे."

मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. एकदा भेटायला गेले तेव्हा मामा म्हणाले, "बाई, मले एक बोलाचं यंत्र आनून दे. लिहाचं लिहाचं म्हनता राहून गेलं. आता बोलून ठेवतो."

मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि परत केला.

"याच्यावर हाताले काईच लागत नाई. मले बटन पायजे. एक दाबलं का सुरू."

परतताना अकोल्यात उतरले. बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या चाचांनी आधी विचारलं, "कोनासाठी पायजे?" मी सांगितलं. त्यांनी आतून एक काळं, साबणाच्या वडीएवढं यंत्र काढलं. बाजूला एकच खटका होता. "वर सरकवला का चालू, खाली सरकवला का बंद. अंधारातबी समजते. आवाज मात्र साधाच येईल, बाई."

ते "साधाच" माझ्या मनात बसलं. मामांचा आवाज खर्जातला, भरदार. तो साध्या यंत्रात कसा भरायचा? घरी येऊन महिनाभर मी फोनवर रेकॉर्डरच शोधत होते. लोकांचे अभिप्राय वाचले, दोन माइकवाले, तीन माइकवाले ताडून पाहिले. शेवटी चाचांच्या यंत्राच्या दुप्पट किमतीचा एक मागवला. त्यातल्या त्यात परवडणारा होता आणि आवाज खरंच सुरेख येत होता. मी तो माझ्या आवाजावर तपासला, डोळे उघडे ठेवून, पडद्यावरचं वाचत वाचत.

मामांना शिकवायला एक दुपार गेली. तांबडं बटण एकदा दाबलं की यंत्र नुसतं तयार होऊन थांबायचं, दिवा लुकलुकायचा. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. बंद करायला शेजारचं दुसरं बटण. तांबडं बटण बोटाला कळावं म्हणून मी त्यावर टिकली चिकटवली. मामांनी तीन-चारदा बरोबर करून दाखवलं. मी खुशीत अमरावतीला आले.

दोनेक आठवड्यांनी फोन आला. "तुह्यं यंत्र सेल लय खाते, बाई. मामी रोज बदलून राहिली."

"चांगले सेल घ्या मामा, महागातले," मी म्हणाले. तेव्हा एकदा जाऊन पाहिलं असतं तर! शंभर-सव्वाशे किलोमीटर तर अंतर. पण परीक्षांचे दिवस होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात पाहण्यासारखं काही वाटलंच नाही.

दिवाळीत गेले तेव्हा त्यातलं कार्ड काढून घरी आणलं. चाळीसच्या वर फाइली होत्या. पहिली लावली. मामांचा सुस्कारा ऐकू आला, मग "झालं आजचं", आणि यंत्र फळीवर ठेवल्याचा ठक आवाज. त्यापुढे तासन्‌तास भांडी, टीव्हीवरची मालिका, शेळीचं ओरडणं, सेल संपेपर्यंत. दुसरीतही तेच, तिसरीतही तेच. मामा एकदाच बटण दाबून तासभर बोलले होते आणि बंद करायला तेच बटण पुन्हा दाबत होते. लुकलुकणारा दिवा त्यांना दिसणार कुठून? ते बोलले तेवढं सोडून सगळं रेकॉर्ड झालं होतं, आणि अगदी स्वच्छ.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोनवर विचारलं, "आलं का सगळं?"

मला नाही म्हणवलं नाही. "हो मामा. एकदम साफ आलंय."

"लाल गाईचं आयकलं?"

"ऐकलं ना."

"मंग सुटलो मी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी तब्येतीचं विचारून फोन ठेवला.

मी अकोल्याला जाऊन चाचांकडून ते खटक्याचं यंत्र घेतलं. संक्रांतीला मामांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मामा, यात पुन्हा एकदा सांगा ना सगळं. मजा येते ऐकायला."

"एकदा भरलं ना त्याच्यात? मंग काहून उगाच?" ते हसले. "आता दमलो, बाई." मी आग्रह केला नाही. जास्त आग्रह केला असता तर खरं सांगावं लागलं असतं.

मामा जूनमध्ये गेले. तेरवीनंतर पाहुणे पांगले तेव्हा मामी जवळ येऊन बसली. "त्यायचा आवाज लाव."

मी सगळं सांगितलं. मामीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मंग खोटं काहून बोलली तू? ते पुन्हा सांगतले असते. दिवसभर रिकामेच तर बसून राहत होते."

चुकीचं यंत्र घेतलं ते एक वेळ माफ करता येईल. पण दिवाळीपासून जूनपर्यंतचे ते महिने मी माझ्या हाताने घालवले.

"जे हाये ते लाव," मामी म्हणाली.

मी एक फाइल लावली. मामांचं "झालं आजचं" आलं. मामीने डोळे मिटले. मग तिचाच आवाज आला, चढलेला. चहा थंड झाला म्हणून, चप्पल घालून घरात फिरता म्हणून, कुणी ऐकणारं नसताना एकटेच बडबडत बसता म्हणून ती मामांवर ओरडत होती. मामा काहीच बोलत नव्हते.

मी बंद करायला हात पुढे केला. तिने तो धरला.

"मी इतली खेकसत होती काय त्यायच्यावर?" तिने विचारलं.