हमदानच्या कमरेचा खंजीर

हमदान बिन शामिस घराबाहेर पडला की कुठे निघालास, असं गल्लीत त्याला कुणी विचारत नसे. विचारायची गरजच नव्हती. डोक्यावर नुसती कशिद्याची कुम्मा टोपी आणि अंगात राखाडी दिशदाशा, तो पायघोळ अंगरखा, म्हणजे गडी मासे आणायला चाललाय. पांढरा दिशदाशा आणि टोपीवर गुंडाळलेला साधा पांढरा मसर असला, की बायका खिडकीतून एकमेकींना विचारायच्या, "कोण गेलं गं?" मसर रंगीत नि हातात वेताची काठी, तर सरकारी कचेरी. आणि कमरेला चांदीचा खंजीर दिसला की गल्लीतली चिल्लीपिल्ली त्याच्या मागे लागायची. खंजीर म्हणजे ईद नाहीतर लग्न, आणि दोन्हीकडे हलवा असतोच.

ओमानमधल्या ह्या निझव्यात नीटनेटकं राहणाऱ्यांची वाण नाही. पण हमदाननं सगळी उमर शाळेची बस चालवण्यात घालवलेली. जवळ पाच दिशदाशे, चार मसर, एक काळा बिश्त आणि आजोबांचा खंजीर, संपली इस्टेट. बिश्त म्हणजे तो जरीकाठी झगा, वर्षातून चारदा निघायचा. एवढ्याशा सामानात हा माणूस असा उभा राहायचा की शेजारी मंत्री असता तर लोकांनी मंत्र्यालाच ड्रायव्हर समजून गाडीची चावी मागितली असती.

त्याच्या भिंतीला भिंत लावून मर्हून राहत असे. टायरचं दुकान, सुटलेलं पोट, आणि अख्ख्या मोहल्ल्याच्या बातम्या जिभेच्या टोकावर. मर्हूनच्या डोक्यावरचा मसर बघून वाटायचं, वाऱ्यानं कुणाचा तरी उडून आलाय. इस्त्रीसाठी कपडे मलबारी लाँड्रीत टाकायचा, तेही आठवण झाली तर. हमदान मात्र दर गुरुवारी गच्चीवर स्वतः इस्त्री मांडायचा. बाहीच्या शिवणीवरून टोक असं न्यायचा, जसं कुणी झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा. मर्हून चहाचा पेला घेऊन कठड्याला टेकायचा.

"पुरे की रे! इतका लाड केलास तर त्या कापडाला वाटेल, ह्याला माझ्याशी निकाह लावायचाय."

"तुझ्या दिशदाशाकडे बघून तर वाटतं, तुमचा तलाक होऊन वर्ष झालं."

असं चालायचं. पण खरं सांगायचं तर मर्हून चहासाठी येतच नसे. हमदान शेवटी मसर बांधायला घ्यायचा, ते बघायला तो यायचा. आरसा नाही, टाचणी नाही. चौकोनी कापडाची तिरपी घडी, एक टोक दातात, दोन वेढे, अंगठ्यानं एक चूण आत, आणि कपाळावर ती रेघ येऊन बसायची, जणू जन्मतःच तिथे होती. तीस वर्षं मर्हून ते बघत होता आणि तीस वर्षांत त्याला ते एकदाही जमलं नव्हतं. त्या अर्ध्या मिनिटात मात्र त्याच्या तोंडून एक विनोद निघत नसे. त्याची बायको म्हणायची, असं असेल तर हमदाननं दिवसभर मसरच बांधावा.

त्या दिवशी हमदानच्या पुतणीचा, झुवैनाचा निकाह होता. झुवैनाचा बाप, म्हणजे हमदानचा भाऊ, कधीच वारलेला. मुलीचा वली, म्हणजे निकाह लावून देणारा पालक, हमदान. त्याच्या हाताशिवाय काझी पुढे सरकणार नव्हता. दुपारच्या असरच्या नमाजानंतर, साडेचारला, शेजारच्या फिर्क गावात नवऱ्यामुलाकडच्यांच्या बैठकीत सगळे जमायचे होते. गाडी अर्थात मर्हूनची.

हमदान तयार होऊन बाहेर आला तेव्हा मर्हून हॉर्न वाजवायचं विसरला. डाळिंबी काठाचा काश्मिरी मसर, दुधासारखा नवा दिशदाशा, गळ्याशी लोंबणारा गोंडा अत्तरात भिजवलेला, वर काळा बिश्त, आणि कमरेला पट्ट्यात तो खंजीर, मूठ अशी घासलेली की तिच्यात खजुराचं झाड दिसावं. मागून त्याची बायको रैया धुपाटणं घेऊन येत होती.

"अहो, ऊद संपला सगळा! नवरामुलगा तुम्ही नाही, दुसरा आहे."

"त्यांना कळायला नको, पोरीमागे कोण उभं आहे?" हमदान म्हणाला, आणि सीटवर रुमाल अंथरून बसला.

फिर्कच्या वाटेवर कब्रस्तानाशेजारी एक जुनी मशीद लागते. असरची वेळ झाली म्हणून मर्हूननं गाडी तिथे लावली. हमदान वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ सोडून बसणार, तोच अंगणात मयताचा ताबूत दिसला. भोवती तीसचाळीस माणसं, सगळी पांढऱ्यात. मर्हून लगबगीनं एकाच्या कानाला लागला आणि परत आला तो तोंड उघडं टाकूनच. निझव्यात एखादी बातमी मर्हूनला शेवटी कळावी, हे आजवर झालं नव्हतं.

"नबहान," तो म्हणाला. "सकाळी मस्कतच्या दवाखान्यात वारला. आपला नबहान रे."

हमदान नळाशी तसाच उभा राहिला. पाणी वाहत होतं.

नबहान आणि हमदान एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. एकाच वर्षी दोघांनी बसचं लायसन काढलं. आणि आज नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, कारण सगळ्या मोहल्ल्यादेखत घडलं होतं. दोघांना कुराण शिकवलेले म्हातारे गुरुजी वारले, तेव्हा नबहान इझकीला एका लग्नात होता. खबर कळताच जेवणावरून उठून निघाला, तासाभराची वाट पळत सुटल्यासारखा आला आणि सांत्वनाच्या बैठकीत शिरला, तो कमरेला लग्नातला खंजीर तसाच. दुःखाच्या जागी खंजीर लावून कुणी जात नाही, हे निझव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नबहानला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचं भान सुटलं होतं. आणि बैठकीच्या दुसऱ्या टोकावरून हमदान मोठ्यानं म्हणाला होता, "नबहान! मयताला आलायस की वरातीला? काढ तो खंजीर!"

चाळीस माणसांच्या माना वळल्या. कुणीतरी फस्सकन हसलंही. नबहाननं पट्टा सोडला, खंजीर मांडीखाली सरकवला, कॉफीचा एक घोट घेतला आणि उठून गेला. पुढे लेकाबरोबर नव्या वसाहतीत राहायला गेला. दर ईदला हमदान मनातल्या मनात त्याच्या दारापर्यंत जायचा आणि वळायचा. म्हणायचा, मी चुकीचं तर काही बोललो नाही.

आता मर्हूननं इकडेतिकडे बघितलं आणि हमदानचा कोपर ओढला. "कुणी पाहिलं नाही अजून. चल गाडीत. पट्टा सोड, खंजीर सीटखाली टाकतो. बिश्त पण दे. दोन मिनिटांचं काम."

हमदानचा हात बकलाकडे गेला. तिथेच थांबला.

"नबहानला मी दोन मिनिटं दिली होती का रे?"

"अरे, ती वेळ वेगळी—"

"तो बेभान होऊन आला होता, तरी मी त्याला सोडलं नाही. आणि मी शुद्धीत असून गुपचूप काढून, साळसूद होऊन त्याच्या जनाज्यात उभा राहू? त्याचा मुलगा ठरवील. नको म्हणाला तर बाहेरून नमाज पढेन."

आणि तो तसाच निघाला. डाळिंबी मसर, जरीचा काठ, चांदी लखलखतेय, आणि उदाचा वास त्याच्या चार पावलं पुढे. त्या अंगणातली निम्मी माणसं त्या दिवशीच्या बैठकीतली होती. आधी एक मान वळली, मग दुसरी, मग कुजबुज अशी पसरत गेली जसं गवतातून वारं. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "हा हमदान? हा?"

ताबुताच्या उशाशी नबहानचा मुलगा बद्र उभा होता. तिशीचा, डोळे सुजलेले. हमदान त्याच्यासमोर जाऊन थांबला. त्यानं बिश्त ओढून खंजीर झाकला नाही. हात बाजूला सोडून नुसता उभा राहिला, जसे शाळेत तो आणि नबहान मार खायला उभे राहत असत.

सगळं अंगण बद्रच्या तोंडाकडे बघत होतं. त्यानं एक शब्द चढ्या आवाजात काढला असता, तर हमदानला निझव्यात पुन्हा कुठल्याच मयताला तोंड दाखवता आलं नसतं. आणि कुणी बद्रला बोल लावला नसता.

बद्र एक पाऊल पुढे आला. त्यानं हमदानच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला.

मर्हून दोन हातांवर होता. दोन हात! ज्या माणसाला भिंतीपलीकडे कुणाच्या घरी कुठली भाजी करपली ते ऐकू यायचं, त्याला अवाक्षर ऐकू आलं नाही. त्याला दिसलं एवढंच, की हमदानचे डोळे मिटले, मान हलली आणि हात बकलाकडे गेला.

मग जे झालं ते मर्हून आजही सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. हमदाननं पट्टा सोडला. म्यानामागे खोचलेली बारकी सुरी काढली, अत्तरात भिजवलेला गोंडा गळ्यापासून कापला आणि खंजीर, बिश्त, गोंडा, सगळं मर्हूनच्या हातात दिलं. नळाशी बसून दाढी, मान, छाती पाण्यानं अशी चोळली की उदाचा वास धुऊन निघाला आणि नवा दिशदाशा अंगाला चिकटला. मग मसर सोडला. उलटला. काश्मिरी कापडाची मागची बाजू फिकट, मातकट असते. एक टोक दातात, दोन वेढे, अंगठ्यानं एक चूण आत. रंग गेला, काठ गेला. मघाशी लग्नघरचा यजमान उभा होता तिथे आता एक साधा, ओला, म्हातारा माणूस उभा होता, मित्र मेलेला. तो बांधताना रडत होता. आणि चुणी? मर्हून शपथेवर सांगतो, एक चूण इकडची तिकडे नव्हती. त्याला वाटलं, हा माणूस नुसते कपडे घालत नाही, आपल्याला जे बोलता येत नाही ते हा कापडातून बोलतो.

नमाज झाली. बद्रनं मागे वळून पाहिलं आणि ताबुताच्या पुढच्या दांडीखाली, स्वतःशेजारी, हमदानसाठी जागा केली. हमदाननं खांदा दिला. कबरीत पहिली माती मुलानं टाकली, दुसरी हमदाननं. गुडघ्यावर बसून टाकली, ओल्या कपड्यानिशी.

गाडीत बसल्यावर सीटवरचा रुमाल त्यानं बघितलाही नाही. मसर पुन्हा सुलटा बांधला, पट्टा आवळला. मर्हूननं सिग्नलपर्यंत कळ काढली. पुढे त्याच्यानं राहवेना.

"काय म्हणाला रे तो?"

"म्हणाला, 'काका, खंजीर.'"

"एवढंच?"

हमदाननं गळ्याशी उरलेला गोंड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "आणि म्हणाला, 'बाबा घरी म्हणायचे, हमदान बोलला ते बरोबर होतं. फक्त माझ्या कानात सांगायला हवं होतं.'"

मर्हूननं गाडी हळू केली. "त्या दिवशी हसलं होतं ना कुणीतरी... तो मी होतो."

"माहितीये. तुझं हसू अर्ध्या निझव्याला ऐकू येतं." हमदाननं रस्त्याकडे बोट दाखवलं. "गाडी चालव. पोरगी खोळंबलीय."

फिर्कला पोचेपर्यंत काझीचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. बैठकीत नवऱ्यामुलाकडचे वीसबावीस पुरुष, सगळे खंजीर लावून. दारात हमदान उभा राहिला, गळ्याशी गोंड्याचा तुटका दोरा, दिशदाशावर गुडघ्यापासून खाली लाल माती. त्याच्या कपड्यांवरून मुलीची पत जोखायला बसलेली ती माणसं आधी बघतच राहिली. मर्हूनला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"उशीर झाला, माफ करा," हमदान म्हणाला. "मित्राला पोचवून आलो. घरी जाऊन कपडे बदलले असते तर तुम्ही अजून खोळंबला असतात."

बिश्त पुढे घेऊन त्याला माती झाकता आली असती. त्यानं झाकली नाही.

नवऱ्यामुलाचा आजा, बैठकीतला सगळ्यात थोर माणूस, काठीवर भार देत उठला. त्याच्या मागोमाग सगळी बैठक उठली. आज्यानं हमदानला हाताला धरून काझीशेजारी, स्वतःच्या जागेवर बसवलं आणि त्या मातीच्या दिशदाशाला लागून आपण खाली टेकला.

काझीनं वलीचा हात मागितला. हमदाननं उजवा हात पुढे केला. नखांत माती होती. नवऱ्यामुलानं तो हात पाहिला, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. मर्हूननं निकाहासाठी चार दिवस घोकून विनोद तयार ठेवले होते. त्यातला एकही त्याला आठवला नाही. हमदान काझीमागून शब्द म्हणत होता, स्पष्ट, न अडखळता.