चौगुलेकाकांनी पाना सोडला

फरिदाबादच्या आमच्या सेक्टरात मराठी घरं मोजून अकरा. त्यातल्या प्रत्येक घरात हणमंत चौगुल्यांच्या हातची काही ना काही दुरुस्ती आहे. कुणाचा गीझर, कुणाच्या कपाटाचं कुलूप, आमच्याकडची पाण्याची मोटर. तासगावहून तेविसाव्या वर्षी ते इकडे आले आणि छत्तीस वर्षं एका सरकारी छापखान्यात मशीन मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर सगळे त्यांना गावी जाणार का विचारायचे. काका म्हणायचे, "इथली माझी सगळी यंत्रं कोण बघणार?" आणि खरोखरच सकाळी नऊपासून कुणाचा ना कुणाचा फोन यायचा.

स्वतःच्या घरात तर परक्या माणसाने स्क्रू फिरवलेला त्यांना चालत नसे. मागच्या दिवाळीला गॅरेजचं शटर जड झालं, तेव्हाही त्यांनी शिडी लावून आतली स्प्रिंग स्वतःच कसली होती.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवार होता. मुलगी अक्षता गुरुग्रामला राहते, तिच्याकडे जेवायला निघायचं होतं. काकांनी शटर वर ढकललं. गाडी मागे घेताना रस्त्यावर लक्ष ठेवायला इंदुमतीकाकू शटरखालून बाहेर पडल्या. त्यांचं पाऊल बाहेर पडतंय तोच वर बंदुकीसारखा आवाज झाला आणि अख्खं शटर खाली आदळलं.

काका आत, काकू बाहेर, मध्ये लोखंडी भिंत. आणि शटरच्या खालच्या कडेखालून काकूंच्या ओढणीचं टोक आत आलेलं.

"इंदू!"

काकांनी शटरवर हात आपटला.

"इंदू, अगं बोल ना!"

काकूंना काही झालं नव्हतं. कड टाचेमागे चार बोटं अंतरावर पडली होती, पण घशातून आवाजच फुटत नव्हता. त्या जरा वेळाने "मी आहे, मी ठीक आहे" म्हणाल्या, तोवर आत काका जमिनीवर बसले होते. तेवढा वेळ आयुष्यात परत नको, असं ते अजूनही म्हणतात.

काकू ओढणी तिथेच सोडून पुढच्या दाराने घरात आल्या. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरतात तर काका शिडी लावत होते.

"अहो, आधी पाणी तरी प्या. अक्षताला कळवते, कॅब करून जाऊ."

"अर्ध्या तासात लावतो. स्प्रिंग तुटलीय, दुसरं काय!"

"राहू द्या ना. कुणाला तरी बोलावू."

"कशाला?"

अशा शटरच्या वर, दाराच्या माथ्याशी, एक आडवा पाइप असतो. त्यावर डब्यांमध्ये गुंडाळलेल्या स्प्रिंगा असतात. शटर उचलायला आपल्याला जोर लावावा लागत नाही, तो या स्प्रिंगांचा पीळ लावतो. चौगुल्यांच्या पाइपवर तशा दोन होत्या. एक तुटली होती. दुसरी शाबूत होती, म्हणजे पुऱ्या पिळाने ताणलेली होती. छापखान्यात नव्या माणसांवर ओरडणारे काकाच असत, "आधी मशीन शांत करा, मग हात घाला!" त्या दिवशी त्यांनी आधी हात घातला. पाइप धरून ठेवायला त्यावर मोठा पाना अडकवला आणि दुसऱ्या हाताने टोकाचा बोल्ट सैल करायला घेतला.

बोल्ट जेमतेम अर्धा फिरला आणि पाइपने हिसका मारला. पाना गरकन फिरून भिंतीवर आपटला. काका शिडीवर लटपटले, पण पडले नाहीत. पान्याला डावा हात घट्ट लावून ते तिथेच थिजले.

मग ते हळूच म्हणाले, "इंदू, कुणाला तरी बोलाव."

समोरच्या घराच्या गेटवर काळ्या रंगात 'शटर रिपेअर' आणि खाली नंबर छापलेला होता. असे छाप आमच्याकडे गल्लोगल्ली असतात, कुणी ते वाचत नाही. काकूंनी गेटपर्यंत पळत जाऊन नंबर लावला. फोन एका बाईने उचलला. काकूंनी धापा टाकत सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून आत आणला.

"अंकल जी, मैं कौशल्या बोल रही हूँ. दूसरी स्प्रिंग में अभी जान है. बोल्ट को मत छेड़ना. पाना दीवार में अड़ा है क्या?"

काकांना शिडीवरून पान्याचं टोक दिसत नव्हतं.

"अड़ा है तो छोड़ के उतर जाओ. नहीं अड़ा तो पकड़े रहो. देख के बताओ."

"इंदू," काका म्हणाले, "स्टुलावर चढ आणि तूच बघ. पाना भिंतीत नीट रुतलाय का?"

"तुमच्या हातात आहे ना तो! तुम्हाला कळत नाही?"

"नाही कळत. या हाताच्या बोटांना काही कळत नाही. संक्रांतीपासून."

काकू स्टुलावर चढल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि नीट पाहिलं. पान्याचं टोक भिंतीच्या कोपऱ्यात पक्कं बसलं होतं.

"रुतलाय. सोडा."

"नक्की?"

"नक्की. मी बघतेय ना. सोडा तुम्ही."

काकांनी पाना सोडला. पाइप जागचा हलला नाही. काकूंनी त्यांना दंडाला धरून एकेक पायरी खाली उतरवलं.

कौशल्या वीस मिनिटांत स्कूटीवरून आली. पन्नाशीची, सलवार-कमीजवर पुरुषी शर्ट, पिशवीत दोर आणि दोन लांब पाने. वर एक नजर टाकून म्हणाली, "शुक्र करो, बोल्ट पूरा नहीं खोला." तिच्या नवऱ्याने एकदा पूर्ण खोलला होता. पाइप फिरला तशी त्याची दोन्ही मनगटं मोडली. तो खाटेवर पडून सांगायचा आणि ही करायची. त्याचे हात पुढे बरे झाले, पण तोवर गिऱ्हाइकं हिलाच बोलवायला लागली होती. "अब वो दुकान पे बैठता है, मैं घूमती हूँ," ती हसली.

तिने आधी पाइप दोराने बांधला, बोल्ट पुन्हा घट्ट केला. दुसऱ्या शिडीवर माणूस हवा होता. तिने काकांकडे पाहिलं.

"उजवा चांगला आहे माझा," काका आधी मराठीतच बोलून गेले, मग म्हणाले, "राइट हैंड एकदम ठीक है."

"तो बस, जितना बोलूँ उतना."

एका पान्यावरून दुसऱ्या पान्यावर, अर्धा अर्धा फेरा करत त्यांनी पीळ सोडवला. ती म्हणेल तेव्हा काका धरत, ती म्हणेल तेव्हा सोडत. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना हुकूम देणारा माणूस मुकाट्याने ऐकत होता, आणि काकू म्हणतात, चेहरा असा मोकळा झाला होता की जणू कुणी डोक्यावरून पोतं उतरवून घेतलं.

स्प्रिंग बाहेर काढल्यावर काकांनी विचारलंच, "दिवाली में मैंने ही कसी थी. मेरी गलती है?"

कौशल्याने तुटलेली कड त्यांच्यापुढे धरली. आतपर्यंत लाल गंज होता. "बाईस साल पुरानी है, अंकल जी, इसे टूटना ही था. हाँ, एक चक्कर आपने ज़्यादा दे दिया. उससे थोड़ा जल्दी टूटी." तिने खोटा दिलासा दिला नाही, हे काकांना फार आवडलं. तिने दोन्ही स्प्रिंगा नव्या बसवल्या आणि जाताना काकूंची ओढणी झटकून घडी करून दिली.

ती गेल्यावर काकूंनी चहा केला. कप पुढे ठेवून विचारलं, "संक्रांतीपासून? आणि मला सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

"का?"

काकांनी वडिलांची आठवण काढली. "अण्णांचं असंच सुरू झालं होतं. आधी बोटं, मग हात, मग अर्धं अंग. म्हटलं, हात चालतोय तोवर कामं करत राहायचं. थांबलो तर खरं ठरेल असं वाटायचं."

"आणि मी काय तोवर शटरखालून ये-जा करायची?"

यावर दोघंही हसले. हसता हसता काकूंचे डोळे भरून आले आणि काका त्यांचा हात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. उजव्या हाताने, कारण त्या हाताला कळत होतं.

मंगळवारी अक्षता रजा घेऊन आली आणि दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांचा कोपर दाबला तशी करंगळीपर्यंत झिणझिणी गेली. अर्धांगवायू वगैरे काही नव्हतं. वर्षानुवर्षं कोपर टेकवून काम केल्याने तिथली नस दबली होती. रात्री हात सरळ ठेवायला पट्टा, काही व्यायाम, आणि तीन महिने जड काम बंद. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. काकांनी तेच वाक्य त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

घरी येऊन त्यांनी वरण-भात खाल्ला आणि अडीच वाजता आडवे झाले. काकूंनी त्यांचा फोन सायलेंटवर टाकला. साडेपाच वाजता त्या चहाला उठवायला गेल्या, तर काका पालथे पडून लहान मुलासारखे घोरत होते. त्यांनी पंखा एकवर केला आणि दार ओढून घेतलं.